सालसिपुएदेसचा पूल

ताक्वारेंबोहून निघताना
पाठीवर निलगिरीचे ओंडके, चौतीस टन,
आणि फोनमध्ये उतरवून घेतलेले सात आवाज.
पुढे पायसांदूपर्यंत रेंज नाही म्हणा ना.
जे घेतलं तेच ऐकायचं,
नाहीतर इंजिनाचं.

माझा नियम साधा:
प्रत्येक आवाजाला पुलापर्यंत मुदत.
ओढ्याचं नाव सालसिपुएदेस,
म्हणजे 'जमलं तर नीघ'.
पुलाच्या सांध्यांवर चाकं चारदा धडधडतात
आणि मी विचारते, सुल्मा,
निघता येतंय का यातून?
येत असेल तर बोट लावायचं. पुढचा.

किती जणांना उतरवलं मी त्या कठड्यापाशी!
श्रीमंतीच्या नऊ सवयी सांगणारा,
दर तीन मिनिटांनी गादी विकणारा,
एकमेकांच्या विनोदांवर हसणारे दोन मित्र,
मला कुणी आत या म्हणेना.
एक बाई खुनाची गोष्ट सांगायची
इतक्या गोड आवाजात
की त्या मेलेल्या माणसापुढे मलाच ओशाळायला झालं.

पुस्तकांची पारख निराळी.
ती ओफेलियाच्या पंपावर,
डिझेलच्या पावत्यांशेजारच्या फळीवर:
एक ठेवा, एक न्या.
मागच्या बाजूला काय छापलंय ते मी वाचत नाही,
छापणाऱ्याला आपला तो बाब्याच.
मी अंगठे बघते.
आमच्यात हात धुऊन कुणी वाचत नाही,
ग्रीसचा ठसा पानाच्या कोपऱ्यात राहतोच.
सोनेरी अक्षरांची ती जाडजूड कादंबरी,
तिच्यात पाच जणांचे अंगठे
एकतिसाव्या पानाच्या आसपास संपलेले.
आणि ती दुसरी, मुखपृष्ठ फाटलेली,
कुणा नर्सची हकिगत,
शेवटपर्यंत काळी बोटं,
एकशे बाराव्या पानावर तर इतकी
की ओळी चाचपडत वाचल्या.
काय आहे तिथे, ते सांगणार नाही.
मीही अंगठा ठेवून आले.

तर गेल्या मंगळवारी.
सातांतला एक म्हातारा, आर्तिगासकडचा.
संगीत नाही, खोकला भरपूर.
आई दुकानात कापड कसं मोजायची ते सांगत होता:
नाकाच्या शेंड्यापासून
ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत, एक माप.
मध्येच उठून पाणी प्यायला.
कुत्रा भुंकला, त्याला गप्प केलं, परत सुरुवात केली
तीच, पहिल्यापासून.
पुलावर मी त्याला उतरवलं.

ओंडके टाकून परत फिरले तेव्हा
बाकीचे सहा संपले होते.
झोप येऊ नये म्हणून त्यालाच लावला.
शितावरून भाताची परीक्षा, कबूल,
पण जुन्या तांदळाला पाणी जास्त लागतं.

हात मोडून आखडला होता तिचा.
गाव म्हणायचं, आता माप मारणार.
ती मान फिरवायची, आणखी, आणखी दुसरीकडे,
हात जेवढा कमी पडे तेवढं
मानेने भरून द्यायची.
गिऱ्हाइकाकडे कधी बघितलंच नाही तिने,
गर्विष्ठ म्हणायचे लोक.
पेटीत ठेवली तेव्हाही, म्हातारा म्हणाला,
मान सरळ होईना.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
मागे कुठेतरी किटली उकळत होती.

पूल कधी गेला कळलं नाही.
नंतरचं घराकडचं वळणही गेलं.
अंधारात रिकामा ट्रक उलटा फिरवायला
जागा मिळाली ती अकरा किलोमीटरांवर.
वहीत लिहिलं: उशीर, रस्त्यात गायी.

ओफेलियाने विचारलं,
या खेपेला काही चांगलं?
नाव सांगता येईना, त्याला नावच नव्हतं.
म्हटलं, अकरा किलोमीटर.
तिने चष्मा वर केला
आणि पावतीच्या मागे
तेवढंच लिहून घेतलं.